मॉन्ट्रोज आणि त्याने सही केलेला करार

एका कागदावर हजारो माणसे सह्या करतात. त्या दिवशी कोणाच्याही मनात किंतु नसतो. सहा-सात वर्षे जातात आणि त्याच कागदावर सह्या केलेली माणसे दोन फळ्या करून एकमेकांच्या जिवावर उठतात. विचारावे तर दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात की, आम्ही सहीला जागलो, फितूर झाला तो समोरचा. असे का होते? दोघांपैकी एक खोटे बोलत असला पाहिजे, हे सर्वांत सोपे उत्तर. पण सोपे उत्तर नेहमीच खरे असते असे नाही.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे. शाळेत थोडे शिकलो, बाकीचे सार्वजनिक वाचनालयाने शिकवले. करार करायचा, त्यातल्या कलमांचा अर्थ लावायचा आणि त्या अर्थावरून भांडणाऱ्या आपल्याच माणसांना एका छपराखाली ठेवायचे, यात आमची वर्षे गेली. म्हणून सतराव्या शतकातल्या एका स्कॉटिश सरदाराचे चरित्र हाती आले तेव्हा ते आम्हाला परके वाटले नाही. जेम्स ग्रॅहॅम, मॉन्ट्रोजचा मार्क्विस, असे त्याचे नाव. जन्म १६१२ सालचा, मृत्यू १६५० मधला, तोही फासावर. त्याची हकिगत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

प्रथम त्या देशाची स्थिती पाहू. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि लंडनला राहायला गेला. राजा एक, पण राज्ये दोन. पार्लमेंट वेगळे, कायदा वेगळा, धर्मसंस्थाही वेगळी. खुद्द स्कॉटलंडचेही दोन भाग. दक्षिणेचा आणि पूर्वेचा सखल प्रदेश हा शेतीचा, व्यापाराचा, गावांचा. उत्तर-पश्चिमेचे डोंगर हे गेलिक भाषा बोलणाऱ्या कुळांचे. तिथे राजाच्या हुकमापेक्षा कुळाच्या नायकाचा शब्द मोठा.

धर्माचा प्रश्नही नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये वरून नेमलेले बिशप कारभार पाहत आणि बिशपांच्या वर राजा. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांना ही उतरंड मान्य नव्हती. त्यांची रीत पंचांची होती. प्रत्येक मंडळीचे वडीलधारे आणि धर्मोपदेशक एकत्र बसत, त्यांच्यातून वरच्या सभा होत आणि सर्वांवर एक साधारण सभा असे. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आपल्याकडे आले ते याच स्कॉटिश परंपरेतून. राजा पहिला चार्ल्स याला मात्र दोन्ही राज्यांत एकच शिस्त हवी होती. त्याने इंग्रजी धर्तीचे नवे प्रार्थनापुस्तक स्कॉटलंडवर लादले. ना पार्लमेंटला विचारले, ना साधारण सभेला. २३ जुलै १६३७ रोजी एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला घेताच दंगल उसळली. त्या दंगलीत स्त्रिया पुढे होत्या. बसायची स्टुले वाचणाऱ्याच्या दिशेने भिरकावली गेली.

त्या असंतोषाला लेखी रूप आले ते २८ फेब्रुवारी १६३८ रोजी. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या नावाच्या करारनाम्यावर सह्या सुरू झाल्या. मसुदा आर्चिबाल्ड जॉन्स्टन हा वकील आणि अलेक्झांडर हेंडरसन हा धर्मोपदेशक या दोघांचा. पहिल्या दिवशी सरदारांनी सह्या केल्या, पुढच्या दिवसांत धर्मोपदेशकांनी आणि नागरिकांनी. मग नकला गावोगाव गेल्या. मॉन्ट्रोज तेव्हा पंचविशीतला तरुण. वडील चौदाव्या वर्षी गेले, सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिक्षण झाले, सतराव्या वर्षी लग्न झाले, पुढे युरोपचा प्रवास करून तो नुकता परत आलेला. पहिल्या सह्यांत त्याची सही आहे.

या करारात दोन गोष्टींची शपथ होती. एक, खऱ्या धर्माचे रक्षण करू. दुसरी, त्याच धर्माच्या रक्षणात राजाची व्यक्ती आणि त्याची सत्ता यांचेही रक्षण करू. दोन कलमे एकाच दमात लिहिलेली होती. लिहिणारे मूर्ख नव्हते. राजाविरुद्ध बंड म्हटले असते तर निम्म्यांनी सही केली नसती आणि राजाचे नाव वगळले असते तर कायद्याचा आधार गेला असता. सर्वांना एकत्र आणायचे तर असा मसुदा लागतो. आम्हीही असे मसुदे केले आहेत. दोन कलमे जोवर एका दिशेने चालतात तोवर त्यांच्यातली फट कोणाला दिसत नाही. परिस्थिती बदलून एक पाळायचे तर दुसरे मोडावे लागते, तेव्हा प्रत्येक जण आपल्याला प्रिय असलेले कलम छातीशी धरतो.

सुरुवातीला मॉन्ट्रोज कराराच्या बाजूचा धडाडीचा सेनापती होता. अॅबर्डीन शहराचा कराराला विरोध होता. १६३९ साली तो फौज घेऊन तिथे गेला आणि नागरिकांना सही करायला भाग पाडले. २० ऑगस्ट १६४० रोजी स्कॉटिश फौज ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडमध्ये शिरली, तेव्हा पहिल्याने पाण्यात कोणी उतरायचे यासाठी फासे टाकले गेले. दान मॉन्ट्रोजचे पडले आणि तो पायी नदीत उतरला. न्यूकॅसल पडले. राजाला तहात स्कॉटिश फौजेचा खर्च म्हणून दररोज ८५० पौंड कबूल करावे लागले. हे पैसे पार्लमेंट बोलावल्याखेरीज उभे राहणे शक्य नव्हते. अकरा वर्षे पार्लमेंटशिवाय राज्य करणारा चार्ल्स अशा रीतीने इंग्रज पार्लमेंटच्या दारी आला आणि तिथून यादवीची वाट सुरू झाली.

पण त्याच ऑगस्टमध्ये मॉन्ट्रोजने काही सरदारांबरोबर कंबरनॉल्ड येथे एक गुप्त करार केला होता. त्याचा रोख होता आर्चिबाल्ड कॅम्बेल, आर्गाइलचा सरदार, याच्यावर. आर्गाइल हा कॅम्बेल कुळाचा नायक, डोंगरातला सर्वांत बलाढ्य जमीनदार आणि करारवाल्यांचा सर्वांत धूर्त पुढारी. राजाची सत्ता कमी करता करता ती एका सरदाराच्या हाती जात आहे, असे मॉन्ट्रोजला दिसू लागले होते. गुप्त करार उघडकीस आला. राजाशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून जून १६४१ मध्ये त्याला एडिंबराच्या किल्ल्यात डांबले, नोव्हेंबरमध्ये सोडले. चळवळीतला पहिल्या फळीतला माणूस तीन वर्षांत चळवळीचा कैदी झाला.

ऑगस्ट १६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले. स्कॉटलंडने कोणाच्या बाजूने उतरायचे? १६४३ मध्ये दुसरा करार झाला, ‘सॉलेम लीग अँड कव्हेनंट’. त्यानुसार स्कॉटिश फौजेने पार्लमेंटच्या मदतीला जायचे, पार्लमेंटने दरमहा ३०,००० पौंड द्यायचे आणि इंग्लंडच्या चर्चची सुधारणा करायची. जानेवारी १६४४ मध्ये सुमारे २०,००० फौज पुन्हा ट्वीड ओलांडून गेली. मॉन्ट्रोजने या दुसऱ्या करारावर सही केली नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. १६३८ साली मागितले ते राजाने १६४१ मध्ये दिले. बिशप गेले, पार्लमेंटचे हक्क मान्य झाले. मागणी पुरी झाल्यावरही लढायचे, तेही शेजारच्या राज्याच्या भांडणात आणि ज्याच्या रक्षणाची शपथ घेतली त्याच राजाविरुद्ध, हे कोणत्या कलमात लिहिले आहे?

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. करारवाल्यांचा अनुभव असा की, चार्ल्स अडचणीत असला की सर्व देतो आणि अडचण टळली की परत घेतो. तो इंग्लंडात जिंकला असता तर स्कॉटलंडला दिलेली कबुली किती दिवस टिकली असती? शेजारच्या गिरणीतला लढा हरला तर आपल्या गिरणीतला करार कागदावरच राहतो, हे आपल्यातल्या कोणत्याही जुन्या कामगाराला ठाऊक आहे. आमच्या मते या प्रश्नावर आर्गाइलचा हिशेब पक्का होता आणि मॉन्ट्रोजचा विश्वास भाबडा होता. पण हिशेब पक्का असलेला माणूस शपथेला जागलाच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

१६४४ मध्ये राजाने मॉन्ट्रोजला मार्क्विस केले आणि स्कॉटलंडमधला आपला सेनापती नेमले. फौज मात्र दिली नाही, कारण द्यायला नव्हतीच. ऑगस्टमध्ये मोतद्दाराच्या वेषात, अवघे दोन सोबती घेऊन तो सरहद्द ओलांडून आला. त्याच सुमारास अॅलस्टर मॅककोला हा मॅक्डोनल्ड कुळातला वीर आयर्लंडहून दीड-दोन हजार कसलेले शिपाई घेऊन डोंगरात उतरला होता. ब्लेअर अॅथोल येथे दोघांची गाठ पडली, निशाण उभारले गेले, आणि तिथून बारा महिन्यांत सहा विजय झाले. १ सप्टेंबर १६४४ ला टिपरम्यूर, १३ सप्टेंबरला अॅबर्डीन, २ फेब्रुवारी १६४५ ला इन्व्हरलॉकी, ९ मे रोजी ऑल्डर्न, २ जुलैला अॅल्फर्ड आणि १५ ऑगस्टला किलसाइथ. टिपरम्यूरला त्याच्या काही माणसांच्या हाती दगडांखेरीज शस्त्र नव्हते, असे जॉर्ज विशर्ट या त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे.

हे विजय कसे मिळाले? पहिले कारण वेग. जड तोफा नाहीत, गाड्यांची रांग नाही. पीठ पाठीवर बांधून माणसे चालत. दुसरे कारण लढण्याची रीत. त्या काळची बंदूक भरायला वेळ लागे. डोंगरी माणूस जवळ जाऊन एकदाच गोळी झाडी, बंदूक टाकून देई आणि तलवार उपसून धावत सुटे. नव्याने भरती झालेले शेतकरी आणि दुकानदार दुसरी गोळी भरण्याआधीच गाठले जात. तिसरे कारण शत्रूकडचे. करारवाल्यांचा सेनापती बेली हा जाणता माणूस, पण त्याच्याबरोबर पुढाऱ्यांची समिती फिरे. किलसाइथला शत्रूच्या डोळ्यांदेखत फौज बाजूने हलवायचा हुकूम समितीने दिला आणि त्या हालचालीतच फौज कापली गेली. समिती असावी, पण ती लढाईच्या वेळी सेनापतीच्या खांद्यावर बसलेली नसावी.

इन्व्हरलॉकीची हकिगत तर सांगितलीच पाहिजे. जानेवारी १६४५ च्या अखेरीस मॉन्ट्रोज दरीत अडकला होता. उत्तरेला एक फौज, दक्षिणेला आर्गाइलची सुमारे ३,००० माणसे. त्याच्याजवळ निम्मीच. सरळ वाट सोडून तो भर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरातून वळसा घेत गेला आणि दोन दिवसांनी बेन नेव्हिसच्या उतारावरून आर्गाइलच्या छावणीसमोर उभा राहिला. आर्गाइल घोड्यावरून पडून जायबंदी झालेला होता. रात्री तो आपल्या गलबतावर गेला आणि आपल्या कुळाची कत्तल त्याने पाण्यातून पाहिली. कॅम्बेलांची सुमारे १,५०० माणसे त्या दिवशी पडली.

या यशाच्या खाली एक काळा डाग आहे तो झाकता येणार नाही. अॅबर्डीनला मॉन्ट्रोजने शरणागतीचा निरोप पाठवला. निरोप्याबरोबर ढोलकी वाजवणारा एक पोरगा होता. परतताना कोणीतरी त्याला गोळी घातली. संतापलेल्या मॉन्ट्रोजने शहर शिपायांना मोकळे करून दिले. शंभरावर नागरिक मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले, दिवसच्या दिवस लूट चालली. पाच वर्षांपूर्वी ज्या शहराला त्याने सक्तीने करारावर सही करायला लावली, त्याच शहराला आता त्याच करारवाल्यांचे शहर म्हणून त्याने शासन केले. अॅबर्डीनच्या विणकराने किंवा पाणक्याने यातले काय समजावे?

आता एवढे जिंकून तो हरला का, ते पाहू. ही बाब आमच्या धंद्याची आहे. मॉन्ट्रोजच्या फौजेला पगार नव्हता. लूट मिळाली की डोंगरी माणूस ती घरी पोचवायला जाई. पेरणी-कापणी आली की जाई. म्हणून प्रत्येक विजयानंतर फौज वाढण्याऐवजी आटे. दुसरे, तिथे प्रत्येक जण स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी लढत होता. मॅक्डोनल्डांचे वैर कॅम्बेलांशी होते, राजा हे निमित्त. आयरिशांना आपल्या देशातला आणि धर्मातला शत्रू दिसत होता. गॉर्डन सरदारांना आपल्या मुलुखाची काळजी होती. वेगवेगळ्या गाऱ्हाण्यांची माणसे एका शत्रूविरुद्ध उभी राहतात, पण शत्रू पडला की प्रत्येकाला आपली वाट आठवते. किलसाइथनंतर सारा स्कॉटलंड मॉन्ट्रोजच्या पायाशी होता. ग्लासगोत त्याने पार्लमेंटची घोषणा केली. राजाच्या मदतीला दक्षिणेकडे जाऊ म्हटल्यावर मॅककोला बहुतेक डोंगरी माणसे घेऊन पश्चिमेला कॅम्बेलांच्या मागे गेला आणि गॉर्डनही घरी परतले. राजा तर जूनमध्येच नेझबीला हरला होता.

१३ सप्टेंबर १६४५ रोजी सकाळच्या धुक्यात फिलिपहॉ येथे डेव्हिड लेस्ली हजारो घोडेस्वार घेऊन मॉन्ट्रोजवर तुटून पडला. मॉन्ट्रोजकडे उरले होते सुमारे ५०० आयरिश पायदळ आणि थोडे घोडदळ. तो काही स्वारांसह निसटला. आयरिश जागा न सोडता लढले. शेवटी उरलेल्यांनी जिवाचे अभय मिळाल्यावर शस्त्रे खाली ठेवली. मग धर्मोपदेशकांनी वाद काढला की, अभय अधिकाऱ्याला दिले होते, शिपायांना नव्हे. कलमाचा असा अर्थ लावून त्या माणसांना कापून काढण्यात आले. छावणीतल्या त्यांच्या बायका-मुलांनाही सोडले नाही. शपथेच्या नावाने लढणाऱ्या पक्षाने दिलेला शब्द असा मोडला.

पुढची वर्षे वनवासाची. मे १६४६ मध्ये राजा स्कॉटिश फौजेच्या स्वाधीन झाला आणि त्याने मॉन्ट्रोजला फौज मोडण्याचा हुकूम पाठवला. सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रोज नोकराच्या वेषात नॉर्वेला गेला. स्कॉटिश फौजेच्या पगाराची मोठी थकबाकी पार्लमेंटकडे होती. ४ लाख पौंड द्यायचे ठरले, पहिला हप्ता हाती आला आणि जानेवारी १६४७ अखेर राजाला पार्लमेंटच्या ताब्यात ठेवून फौज घरी गेली. राजाला विकले, असा डाग स्कॉटलंडला लागला. थकलेला पगार मागणे हे पाप नव्हे, पण दोन व्यवहार एकाच दिवशी झाले की लोकांना एकच दिसतो. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला.

त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स हा हॉलंडमध्ये आश्रित. गादी मिळवायचे दोन मार्ग त्याच्यापुढे होते. एक, करारवाल्यांशी तडजोड. दुसरा, मॉन्ट्रोजची तलवार. त्याने दोन्ही एकदम चालवले. मॉन्ट्रोजला पत्र लिहिले की, वाटाघाटींच्या बातम्यांनी खचू नका, जोमाने पुढे व्हा. इकडे ब्रेडा येथे आर्गाइलच्या पक्षाशी बोलणी सुरू ठेवली. यातला डाव आम्हाला चांगला ओळखता येतो. बैठकीत वजन पडावे म्हणून माणसे गेटवर उभी करायची, आत तडजोड झाली की मागच्या दाराने निघून जायचे आणि गेटवरच्यांना लाठ्या खायला ठेवायचे.

१६५० च्या वसंतात मॉन्ट्रोज ऑर्कनी बेटांवरून मुख्य भूमीवर उतरला. जवळ सुमारे १,२०० माणसे. त्यात काही भाडोत्री परदेशी शिपाई आणि बाकी बेटांवरचे शेतकरी, ज्यांनी लढाई पाहिलेली नव्हती. २७ एप्रिलला कार्बिसडेल येथे कर्नल स्ट्रॅखनच्या थोड्याशा घोडेस्वारांनी त्यांची दाणादाण केली. कित्येक जण खाडीत बुडाले. मॉन्ट्रोज उपाशीपोटी रानात भटकला आणि शेवटी असिंटच्या मॅक्लाउडने त्याला धरून दिले. चार दिवसांनी, १ मे रोजी, चार्ल्सने ब्रेडाच्या तहाचा मसुदा स्वीकारला. पुढे त्याने मॉन्ट्रोजच्या स्वारीशी असलेला संबंधही झटकला.

१८ मे १६५० रोजी मॉन्ट्रोजला फाशी देणाऱ्या जल्लादाच्या गाडीला बांधून एडिंबरातून फिरवले. एका हवेलीच्या सज्जातून आर्गाइल पाहत होता. खटला चालवायचे कारण नव्हते, १६४४ सालीच पार्लमेंटने त्याला देशद्रोही ठरवले होते. पार्लमेंटपुढे त्याने सांगितले की, पहिल्या करारावर मी सही केली आणि मी तो आजही पाळतो. दुसऱ्यावर मी सही केलीच नाही, मग तो मोडला कसा? २१ मे रोजी भर बाजारचौकात तीस फूट उंच फासावर त्याला लटकवले. विशर्टने लॅटिनमध्ये लिहिलेले त्याच्या मोहिमांचे पुस्तक गळ्यात अडकवले होते. शिर टोलबूथ तुरुंगाच्या शिखरावर लोखंडी खिळ्याला लावले. हातपाय स्टर्लिंग, ग्लासगो, पर्थ आणि अॅबर्डीन या चार शहरांना पाठवले. वय सदतीस.

एका महिन्याने चार्ल्स स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागला आणि दोन्ही करारांवर सही करून मोकळा झाला. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे त्याच्या मस्तकावर मुकुट ठेवला तो आर्गाइलने. क्रॉमवेलने त्याचे ते राज्य बुडवले. १६६० मध्ये चार्ल्स पुन्हा गादीवर आला, तेव्हा त्याला मॉन्ट्रोज आठवला. ११ मे १६६१ रोजी चार शहरांतून गोळा केलेल्या अवशेषांची वाजतगाजत मिरवणूक काढून सेंट जाइल्समध्ये दफन केले. त्यानंतर सोळा दिवसांनी, २७ मे रोजी, आर्गाइलचे मस्तक उडवण्यात आले, क्रॉमवेलच्या राजवटीशी हातमिळवणी केली म्हणून. मॉन्ट्रोजचे शिर काढल्यावर टोलबूथवरचा तो खिळा रिकामाच होता. त्यावर आर्गाइलचे शिर लावले. मुकुट ठेवणारा आणि मुकुटासाठी फासावर जाणारा, दोघांनाही राजाने एकाच खिळ्याचे मानकरी केले.

मग शपथेला जागला कोण? आमचे मत सांगतो. मॉन्ट्रोज आपल्या कलमाला जागला, आर्गाइल आपल्या कलमाला बराच काळ जागला. दोन कलमांत तेढ आली तेव्हा काय करायचे, हे सही करताना कोणीच विचारले नव्हते. ते विचारण्याची जागा सहीचा दिवस हीच असते. त्या दिवशी उत्साह मोडेल म्हणून जो प्रश्न गिळला जातो, त्याची किंमत पुढे चुकती होते, आणि ती मसुदा लिहिणाऱ्यांना फार थोडी पडते.

ज्यांना ती पडली त्यांचे काय? करारनाम्याच्या जुन्या प्रती आजही स्कॉटलंडमध्ये जपलेल्या आहेत आणि सरदारांच्या सह्या त्यांवर वाचता येतात. सेंट जाइल्समध्ये मॉन्ट्रोजचेही स्मारक आहे आणि आर्गाइलचेही. फिलिपहॉला अभय घेऊन शस्त्र ठेवणाऱ्या शिपायांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत. जवळच्या एका कुरणाला लोक ‘मारलेल्यांचे कुरण’ म्हणत आले आहेत, एवढीच त्यांची नोंद.